ठिपका आणि तिरकी रेघ

सानपाडा, नवी मुंबई
२४ फेब्रुवारी १९९६

रशीदभाई यांस,

सबिहाचा सलाम, आणि उशिरा का होईना, ईद मुबारक.

आपल्या खालाने म्हसळ्याहून सांदणांचा डबा पाठवला होता. तुमच्या वाट्याचीही मीच खाल्ली. बहारीनला जाऊन बसायचं आणि इथल्या सांदणांवर हक्क सांगायचा, हे चालणार नाही. तुमची अम्मी बरी आहे. सोसायटीत पाणी एक दिवसाआड येतं. बाकी नवीन काही नाही.

आता कामाचं. तुम्ही मला बॅटरी कारखान्याच्या कॉम्प्युटर रूममध्ये चिकटवून गेलात त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. तुम्ही घालून दिलेली पद्धत मी तसूभर मोडलेली नाही. कामगारांच्या रक्तात किती शिसं आहे त्याचे आकडे लॅबमधून येतात, ते मी कामगारांच्या नंबरवार भरते. मग एकेका फोरमनचं नाव टाइप करते. 'शेलार' म्हटलं की शेलारांच्या खात्यात ज्यांचा आकडा फार वर गेलाय त्यांची नावं स्क्रीनवर येतात. शेलार सही करून यादी नेतात, डॉक्टर त्या माणसांना शिशापासून लांब, पॅकिंगला हलवतात.

दातेकाकांच्या भट्टी खात्यातलं मात्र कधी कोणी निघत नाही. त्यांचं नाव टाइप केलं की वर तारीख येते आणि खाली कोरं. दर महिन्याच्या पाच तारखेला काका काचेवर टकटक करतात, "सबिहा, आमचं कोणी?" मी म्हणते, "कोणी नाही, काका." मग ते भट्टीवर जाऊन सगळ्यांना सांगतात की आपलं खातं स्वच्छ आहे. दिवाळीला त्यांनी त्याबद्दल माझ्यासाठी चकल्या आणल्या होत्या.

पण परवा भट्टीवरचे हौसेराव कंपनीच्या दवाखान्यात आले. त्यांचं उजवं मनगट लोंबतंय, पंजा वर उचलतच नाही. सोबत त्यांची बायको गोजरा होती. दोघं घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहतात. ती म्हणाली, "दोन म्हैनं पोटात कळा येत हुत्या. आता ह्यो हात बी मेला." डॉक्टरांनी मला हौसेरावांचा आकडा विचारला. मी नंबरावरून शोधला. ८१. डॉक्टर म्हणाले, साठच्या वर गेला की नाव यादीत यायला हवं, मग हे का आलं नाही? पुन्हा काकांचं नाव टाइप केलं. तारीख, आणि खाली कोरं.

प्रोग्राम तुमचा आहे. तो चुकतो का? लगेच लिहा. फोन करायला बूथवर गेले होते, पण मागे सहा माणसं उभी असताना हे काय बोलणार?

तुमची
सबिहा


मनामा, बहारीन
६ मार्च १९९६

सबिहास सलाम आणि दुआ.

सांदणं खाल्लीस, आता पचव.

वेडाबाई, प्रोग्राम चुकत नाही, तू चुकतेस! नुसतं नाव टाइप करतेस ना? दात्यांच्या नावाआधी ठिपका आणि तिरकी रेघ द्यायची. जाताना दिलेल्या वहीत आहे.

का, ते ऐक. दाते इंग्रजीत कसं लिहितात? डी, ए, टी, ई. आपण वाचतो दाते, मशीन वाचतं डेट. आणि डेट नावाचा हुकूम मशीनच्या पोटात जन्मापासूनच आहे. तो दिला की आजची तारीख दाखवायची. आपण काहीही टाइप केलं की मशीन आधी स्वतःच्या घरात शोधतं. शेलार, माने असलं काही तिथे नसतं, म्हणून ते आपल्या खोलीत येतं आणि आपला प्रोग्राम चालवतं. डेट मात्र त्याला घरातच सापडतो, मग ते कशाला बाहेर येतंय! तारीख दाखवतं आणि गप्प बसतं. चूक झाली असंही म्हणत नाही, कारण त्याच्या मते चूक झालेलीच नसते. ठिपका-रेघ म्हणजे त्याला सांगणं, की बाबा, तुझ्या घरातला नको, या खोलीतला दाते हवा.

पॅकिंगच्या मोऱ्यांचीही तीच गत होती. मोरे इंग्रजीत लिहिलं की मशीन वाचतं मोर, आणि तोसुद्धा मशीनचाच हुकूम निघाला. पण मोरे भला माणूस, म्हणाला काय वाटेल ते नाव ठेव. त्यांचं मी 'पॅकिंग' करून टाकलं. दात्यांना म्हटलं, तुमच्या नावात एक ए वाढवतो. तर म्हणाले, "रेशनकार्डावर, पगाराच्या पाकिटावर, शाळेच्या दाखल्यावर एकच ए आहे. तुझ्या मशीनसाठी मी बापाचं आडनाव बदलू?" हसून हसून पुरेवाट झाली. मग म्हटलं जाऊ दे, आणि ठिपका-रेघेवर भागवलं.

आता ती कटकटच नको. तू प्रोग्रामचं नाव बदलून 'भट्टी' करून टाक. कसं करायचं ते सोबतच्या कागदावर लिहिलंय. गेल्या महिन्याची यादी राहिली असेल तर डॉक्टरांना काढून दे. हौसेरावांना म्हणावं दूध प्या, बरे व्हाल. माझ्या अम्मीला आणि धाकट्या समराला मी खुशाल असल्याचं कळव.

रशीद


सानपाडा
२० मार्च १९९६

रशीदभाई,

तुमचं पत्र सोमवारी आलं. सांगितलंत तसं नाव बदललं आणि 'भट्टी' टाइप केलं. नऊ नावं आली. चौदा माणसांच्या खात्यात नऊ.

गेल्या महिन्याची राहिली असेल, असं तुम्ही लिहिलंय. भाई, गेल्या महिन्याची नाही, तुम्ही गेल्यापासूनच्या सगळ्या राहिल्या. महिना बदलत बदलत मी अकरा याद्या काढल्या. एप्रिलमध्ये दोन नावं होती, ऑगस्टमध्ये पाच. हौसेराव जूनपासून आहेत. ते आकडे मीच भरले होते, याच बोटांनी. पण नंबरवार. साठ म्हणजे काय आणि ऐंशी म्हणजे काय, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. हा दोष माझा, तो मी कोणावर ढकलणार नाही.

मग तुमची वही काढली. झालेल्या कामावर करतात तशी बरोबरची खूण तुम्ही प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला केली आहे. दात्यांच्या ओळीलाही एक तिरकी रेघ आहे आणि तिच्या पायाशी ठिपका. मी ती बरोबरचीच खूण समजले. आता भिंग घेऊन पाहिलं तर जरा वेगळी दिसते. भिंगाने पाहावं असं तेव्हा वाटलं नव्हतं.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते सुधीरसाहेबांकडे गेले. तुमचे तेच पर्सोनेल मॅनेजर, अजून आहेत. नऊही जणांना भट्टीवरून काढून रजेवर पाठवलंय. दातेकाका आले होते. काचेवर टकटक केली नाही, दार उघडून आत आले. म्हणाले, "सबिहा, तू म्हणायचीस ना, कोणी नाही?" मी म्हटलं, "हो, काका." ते भट्टीकडे निघून गेले. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तुम्ही सुधीरसाहेबांना एक पत्र लिहा. काय झालं ते, जसंच्या तसं. एवढंच मागते.

सबिहा


मनामा
४ एप्रिल १९९६

सबिहास सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पण आता डोकं थंड ठेवून विचार कर. मशीन बरोबर चालतंय, याद्या निघताहेत, माणसांवर इलाज सुरू झालाय. मग मागचं उकरून कोणाचं भलं होणार? ती माणसं भट्टीमुळे आजारी पडली, माझ्या ठिपक्यामुळे नाही. वही कोणाला दाखवायची गरज नाही. कपाटात टाक आणि विसर.

आणि एक. शेवटच्या दिवशी मी तुला ते तोंडी सांगितलं होतं. आठवून बघ. तू काहीतरी टाइप करत होतीस, तुझं लक्ष नसेल.

माझा इथला करार जूनच्या अखेरीस संपतो. नवीन करार करण्याआधी इथल्या लोकांनी सुधीरसाहेबांकडेच माझी चौकशी केली आहे. कामगारांच्या तब्येतीचा तो प्रोग्राम मी एकट्याने लिहिला, हेच माझ्या अर्जात सगळ्यात वर आहे. अम्मीचं ऑपरेशन, बहिणीचं, समराचं लग्न, सगळं या नोकरीवर उभं आहे. तू समजूतदार आहेस, म्हणून मोकळेपणाने लिहितोय.

रशीद


सानपाडा
२२ एप्रिल १९९६

रशीदभाई,

शेवटच्या दिवशी तुम्ही मला काही सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात म्हणून मी खूप आठवून पाहिलं. तुम्हाला व्हिसाचे फोटो आणायचे होते, चारलाच निघालात. वही माझ्या टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, "सगळं यात आहे, टेन्शन घेऊ नको." मी टाइप करत नव्हते. मी उभी होते, कारण तुम्ही जात होतात.

असो. इथे काय झालंय ते ऐका. कंपनीने दातेकाकांना निलंबित केलंय. यादी नेताना फोरमन रजिस्टरमध्ये सही करतात ना, काकांची अकरा महिन्यांत एकही सही नाही. यादीच नव्हती तर सही कशावर करणार? पण सुधीरसाहेब म्हणतात, यादी तर आहे, हे बघा. आणि माझ्याकडून 'भट्टी' टाइप करवून घेतात. अकराच्या अकरा याद्या सटासट निघतात. म्हणजे फोरमननेच नेल्या नाहीत, झालं! मी सांगितलं की तेव्हा प्रोग्रामचं नाव वेगळं होतं, स्क्रीन कोरी यायची. म्हणाले, "दाखव." आता काय दाखवू? स्क्रीन कोरी आली तर कागद फुकट घालवायचा नाही, हा तुमचाच नियम. आणि जुनं नाव तुमच्याच सांगण्यावरून मी पुसलं. तरी डी-ए-टी-ई टाइप करून दाखवलं. तारीख आली. साहेब म्हणाले, "डेट म्हटल्यावर तारीख नाही तर काय येणार?" वही पुढे केली. म्हणाले, "ही टिकमार्क आहे." सगळे हसले. काका नाही हसले.

ती टिकमार्क नाही, हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस आहे. चौकशी दहा जूनला आहे. तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, भट्टीवरचे लोक आता त्यांच्याकडे बघून तोंड फिरवतात. गोजराने त्यांना कारखान्याच्या गेटवर गाठून विचारलं, "सही कराया तुमचा काय हात झिजला असता?" त्यांनी तिला काहीच सांगितलं नाही. माझं नावसुद्धा घेतलं नाही.

भाई, लिहा. तुमचा करार मला कळतो, समराचं लग्नही कळतं. तरी लिहा.

सबिहा


सानपाडा
२० मे १९९६

रशीदभाई,

तुमचं उत्तर नाही.

हौसेराव अकरा तारखेला गेले. आठवडाभर फिट येत होत्या, मग शुद्धच आली नाही. मी घणसोलीला गेले होते. घरमालकीण मुक्ताबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, "तू कंपनीतली हायेस का?" मी हो म्हटलं आणि आत न जाता परत आले.

चौकशीला वीस दिवस उरले आहेत. पत्राला दहा-बारा लागतात.

सबिहा


मनामा
२८ मे १९९६

सबिहास,

कंपनीच्या नावाने आज रजिस्टर पत्र टाकलंय. चौकशीच्या आत पोचेल. त्यात लिहिलंय की भट्टीच्या प्रोग्रामला तेव्हा दात्यांचं नाव होतं, नुसतं नाव टाइप केलं तर मशीन स्वतःची तारीख दाखवायचं, आणि वहीतली खूण टिकमार्क नाही. दाते त्यातून सुटतील.

त्यात हेही लिहिलंय, की ही गोष्ट मी निघण्यापूर्वी ऑपरेटरला समजावून सांगितली होती.

मला दुसरं काही लिहिता आलं नाही, सबिहा. तीन कागद फाडले. तुझं नाव कुठे घातलेलं नाही, फक्त ऑपरेटर म्हटलंय. ऑपरेटर म्हणजे कोण, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे, हेही मला कळतं. तुला दुसरं काम मिळेल. वाशीत एवढी ऑफिसं निघताहेत. माझं इथे एकदा बिनसलं तर सगळं घर खाली येईल. माफ कर असं लिहायची लाज वाटते, तरी लिहितोय.

रशीद


जुईनगर, नवी मुंबई
७ जुलै १९९६

श्री. रशीद यांस,
दिनानाथ दाते याचा स. न. वि. वि.

तुमचा पत्ता सबिहाच्या आईकडून मिळाला. तिने स्वतः दिला नाही. मला पत्र लिहिण्याची सवय नाही, तेव्हा सरळ लिहितो.

दहा जूनला चौकशी झाली. तुमचं पत्र मोठ्याने वाचलं गेलं. मग सुधीरसाहेबांनी सबिहाला विचारलं, तुला हे शिकवलं होतं का? ती एवढंच म्हणाली, "हो. मी विसरले." मिनिटभरात सगळं आटोपलं. कंपनीला एक माणूस हवा होता, तो मिळाला. मला त्याच दिवशी कामावर घेतलं, तिला त्याच दिवशी काढलं. मी जिन्यात गाठून विचारलं, पोरी, हे खरं का? ती म्हणाली, "काका, तुम्ही कामावर जा."

भट्टीवरचे लोक आता माझ्याशी बोलतात. तिच्याविषयी जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. हौसेरावाची बायको मागच्या आठवड्यात भरपाईच्या कागदांसाठी आली होती. म्हणाली, "ती पोरगी कुठं ऱ्हाती? मला तिला एकदा बघायची हाय." मी माहीत नाही म्हणून सांगितलं.

माझ्या नावात एक ए वाढवायला मी नाही म्हणालो होतो. ते माझ्या मनातून जात नाही. जेवताना आठवतं, सही करताना आठवतं. पण तुम्ही मला फक्त स्पेलिंग विचारलं होतंत. त्याच्यावर चौदा माणसं अवलंबून आहेत हे सांगितलं असतंत, तर मी नाव काय, आडनावच टाकून दिलं असतं.

अकरा महिने मी त्या मुलीला काचेबाहेरून विचारत होतो आणि ती मला उत्तर देत होती. खोटं बोलताना माणूस कसा दिसतो ते मला कळतं. तेव्हा ती खोटं बोलत नव्हती. दहा जूनला बोलली, असं मला वाटतं. तिला विचारलं की गप्प बसते, म्हणून तुम्हाला विचारतो. तुम्ही तिला शिकवलं होतं का? होय किंवा नाही, एवढंच लिहा. होय असेल तर मी मुकाट कामावर जात राहीन. नाही असेल तर तिने माझ्यासाठी जे केलं त्याच्यावर मला जगता येणार नाही, मी राजीनामा देईन. उत्तर आलं नाही तर ते 'नाही' समजेन.

आपला
दिनानाथ दाते


मनामा
१९ जुलै १९९६

दिनानाथकाकांस सलाम.

तुमचं पत्र येऊन तीन दिवस झाले. त्याच्या आदल्याच आठवड्यात माझा नवीन करार झाला. दोन वर्षांचा आहे.

आधी सबिहाला लिहायला बसलो होतो. तिचं नाव लिहून कागद बाजूला ठेवला. तिने सरळ विचारलं होतं आणि मी फिरवून उत्तर दिलं. पुन्हा विचारलं तर महिनाभर गप्प बसलो. मग लिहिलं ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंच. ती मला खोटं ठरवू शकत होती. तिने ठरवलं नाही, कारण मग माझं सगळं पत्रच खोटं ठरून तुम्ही अडकला असतात. हे तुमचं पत्र वाचल्यावर मला कळलं, आणि ते कळायला मला दुसऱ्याचं पत्र लागलं.

तुम्ही राजीनामा देऊ नका. याच मजकुराचं पत्र आज सुधीरसाहेबांना रजिस्टरने पाठवलंय, पावती सोबत जोडली आहे. एक प्रत इथल्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवून आलोय. आता माझं काय व्हायचं ते होईल. हौसेराव काही परत येणार नाहीत. सबिहाही त्या गेटातून पुन्हा आत जाईल असं वाटत नाही. माझ्या पत्रांना ती आता उत्तर देणार नाही, म्हणून हे तुम्हीच तिला वाचून दाखवा. आणि गोजराबाईंनाही.

नाही, काका. मी तिला शिकवलं नव्हतं. मी घाईत होतो.

रशीद